पाण्याची थाप

नळानं फुस्स केलं आणि पुंडलिकराव दुपारी भरल्या ताटावरून उठले. उष्ट्या हातानंच अंगणातल्या खड्ड्यात उतरले, नळाला पाइप खोचला आणि वाकून बघत राहिले. आधी नुसती हवा, मग चूळभर गढूळ, मग धार. आणि धार तरी कसली! चांगली मनगटाएवढी! हर्सूलच्या अलीकडच्या त्या कॉलनीत नवव्या दिवशी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं आणि अर्ध्या-पाऊण तासापुरतं. आठ दिवस अंघोळीचं पाणी झाडांना घालणारा माणूस ही धार बघून हरखणार नाही तर काय करणार?

पाणी कधी येईल याचा नेम नसल्यानं गल्लीनं आपला एक रिवाज पाडून घेतला होता. ज्याच्याकडं आधी येईल त्यानं शेजाऱ्याच्या भिंतीवर तीन थापा मारायच्या, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याच्या. पंखे, टीव्ही चालू असले तरी भिंतीवरची थाप बरोबर कळायची.

पुंडलिकरावांनी डावीकडच्या भिंतीवर तीन थापा हाणल्या. उजवीकडच्या भिंतीपाशी गेले, हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

उजवीकडं अप्पाराव. चढावरचं, गल्लीतलं शेवटचं घर. मोटार लावल्याशिवाय तिथं थेंब चढत नसे, आणि मोटार लावली की पुंडलिकरावांच्या नळाची धार तुटायची. मागच्या खेपेला असंच झालं तेव्हा पुंडलिकरावांनी सगळ्या गल्लीदेखत त्यांना फैलावर घेतलं होतं. “लोकाच्या तोंडचं पाणी वढता, लाज वाटती का जरा?” अप्पाराव खाली मान घालून आत गेले आणि मोटार बंद केली. बावीस वर्षांचा शेजार, पण त्या दिवसापासून बोलणं बंद.

“अहो, अप्पाराव भाऊजींना थाप दिली का?” सारजाबाईंनी आतून विचारलं. “उद्या त्यांच्या लेकीच्या, रूपाच्या लेकराचं बारसं हाय. केसरबाई सकाळी कुंकू लावून गेल्या मला. पन्नास माणूस यायचंय, अन् घरात दोन हंडे पाणी नाय म्हणत होत्या.”

“दिली की,” पुंडलिकराव म्हणाले.

खोटं बोलले ते बोलले, वर त्यांना बरंही वाटलं. घेऊ दे म्हाताऱ्याला झोप! आज तरी आपली धार कुणी खेचणार नाही. त्यांनी हौद भरला, दोन्ही ड्रम भरले, हंडे, कळशा, बादल्या, अगदी वरणाची पातेलीसुद्धा भरली. सगळं भरलं तरी धार काही कमी होईना. मग त्यांनी स्कूटर धुतली, पायऱ्या धुतल्या, फाटकापुढच्या रस्त्यावर सडा मारला. पाणी उताराला लागून वाहत चाललं होतं आणि ते पाइप धरून मजेत उभे होते.

तीनच्या सुमाराला नळानं दोन आचके दिले आणि पाणी गेलं. पुंडलिकरावांनी पाइप गुंडाळला. आता पुन्हा नवव्या दिवशी.

तेवढ्यात शेजारचं फाटक वाजलं. अप्पाराव बाहेर आले होते. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि मागं त्यांच्या अंगणात ओळीनं मांडून ठेवलेले रिकामे ड्रम. तीन स्वतःचे, दोन कुणाकडून तरी मागून आणलेले.

“पुंडलिकराव, झालं का समदं भरून?”

पुंडलिकराव चपापले. “आं? व्हय... झालं.”

“मला आवाज येत होता पाण्याचा. बटनापाशीच बसलो होतो खुर्ची टाकून. केसर म्हणली, लावा की मोटार, उद्याचं काम हाय. मी म्हणलं, नाय. त्यांचं भरू दे आधी. त्यांची थाप आल्याबिगर आपण लावायची नाय.” अप्पाराव कसंनुसं हसले. “मागल्या टायमाला तुम्ही बोललात ते काय खोटं नव्हतं. मलाच कळाया पायजे होतं. आता आवाज बंद झाला, म्हणलं झालं असंल तुमचं. लावू का मंग?”

सारजाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ओल्या स्कूटरकडं पाहिलं, वाहून चाललेल्या सड्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

पाणी गेलं, एवढे दोनच शब्द सांगायचे होते. पण ते सांगायचं म्हणजे पुढचंही सगळं सांगावं लागणार होतं. पुंडलिकरावांनी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“लई उपकार झाले,” असं म्हणून अप्पाराव लगबगीनं आत गेले.

भिंतीपलीकडं बटण खटकलं. मोटार सुरू झाली. कोरडी, नुसती घरघरत राहिली. ड्रमात थेंब पडल्याचा आवाज येईना. पुंडलिकराव गुंडाळलेला पाइप हातात धरून भिंतीकडं बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना.

आणि मग भिंतीवरून अप्पारावांचा काळजीचा आवाज आला, “पुंडलिकराव, नळ सोडून बघा बरं, तुमची धार तर नाय ना कमी झाली?”