उपाशी

सिस्टरनं चौथं कार्ड पिनेनं झग्यावर टोचलं आणि मागं सरून रांग बघितली. बाकावर चार मुलं, चारही मोतीबिंदूची. ऑपरेशनचे हिरवे झगे आले होते ते मोठ्या माणसांचे, त्यामुळे मूल थोडं आणि झगा फार. प्रत्येकाच्या छातीवर जाड मार्करनं लिहिलेलं, ‘उपाशी’.

कल्पना तिचीच. काल शिबिरासाठी आलेल्या आपल्याच टीममधल्या कुणीतरी लाडानं एका पोराला बिस्कीट भरवलं, ऑपरेशन आजवर ढकलावं लागलं आणि भूलवाल्या मॅडमनी सगळ्यांची बिनपाण्यानं केली. आज मात्र पुढं ढकलायला उद्या नव्हता. संध्याकाळी टीमचं परतीचं विमान होतं. म्हणून हे आपल्या माणसांना समजेल अशा भाषेत, ठसठशीत.

पहिला नंबर आजीबाईचा. असेल पाचेक वर्षांची, पण समोर येईल त्याचा चेहरा हातानं चाचपायची आणि पसंत पडल्यासारखं ‘हं’ करायची, म्हणून हे नाव. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत पांढरं. डॉक्टर म्हणाले होते, उशीर झालाच आहे, आता काढलं तर थोडंफार दिसेल. अजून थांबलो तर डोळे साफ होतील, पण मेंदू बघायला शिकायचा नाही. आई दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

सिस्टरला इथल्या भाषेतले दोनच शब्द यायचे. एक ‘आ कर’ आणि दुसरा ‘शाब्बास’. भूल द्यायच्या आधी मॅडम तोंडात डोकावून बघायच्या, म्हणून तिनं त्याचा खेळच केला होता. आत्ताही तिनं तो शब्द उच्चारला. चार तोंडं एकदम उघडली.

“वा! काय शिस्त आहे!”

मागं देणगीदार साहेब उभे होते, फोटोग्राफरला घेऊन. ऑपरेशनचं मशीन साहेबांनी दिलेलं. सगळ्या टीमच्या टी-शर्टवर चेहरा साहेबांचा. आता साहेब स्वतःही आले होते. साहेबांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाठ केला.

“इकडे बघा रे बाळांनो! कॅमेऱ्याकडे!” फोटोग्राफर ओरडला. चार चेहरे चार दिशांना वळले. “अहो सिस्टर, बघत का नाहीत ही?”

“बघता आलं असतं तर इथं कशाला आली असती?”

“ते बरोबर हो. पण एकानं तरी बघायला पाहिजे ना.”

सिस्टरनं कपाळावर हात मारला आणि ती आत थिएटरमध्ये गेली. टेबल तयार होतं.

“आण पहिलीला,” डॉक्टर म्हणाले.

ती बाहेर आली तर साहेब आजीबाईपुढं गुडघे टेकून कार्ड वाचत होते. डोळे भरून आले होते, आणि ते फोटोसाठी नव्हते.

“उपाशी आहेत रे ही मुलं,” ते फोटोग्राफरला म्हणाले. “छातीवर लिहून लावायची पाळी आली! आणि आपण भरपेट नाश्ता हाणून आलो.”

साहेबांनी खिशातून मूठभर दुधाच्या टॉफ्या काढल्या, कागद सोलले आणि पाठ केलेला शब्द म्हटला. चार तोंडं एकदम उघडली.

“साहेब, नको!” सिस्टर धावली.

“असू द्या हो, भरपूर आणल्यात,” म्हणत साहेबांनी चौघांच्या तोंडात एकेक टॉफी घातलीही.

‘थुंक’ला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. दुभाष्या फाटकावर साहेबांच्या ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता. मग ती मुलांसमोर उभी राहिली आणि कसं थुंकायचं ते करून दाखवायला लागली. थू! थू! जमिनीवर, जीव तोडून. साहेब बूट सांभाळत दोन पावलं मागं सरले. तिसऱ्या ‘थू’ला तिच्या लक्षात आलं, की आपण हे कुणाला दाखवतोय.

तिनं आजीबाईच्या तोंडात बोट घातलं. आजीबाईला वाटलं, कुणीतरी आपला खाऊ काढून घेतंय. तिनं कराकरा चावून तो गिळून टाकला.

“एकेकच टॉफी आहे हो, मॅडम,” आवाज ऐकून थिएटरच्या दाराशी आलेल्या भूलवाल्या मॅडमना सिस्टर म्हणाली.

“पोटाला एक नि डझन कळत नाही. भूल चढताना उलटी होऊन छातीत गेली तर पोरगी टेबलावरच दगावेल. सहा तास मी हात लावायची नाही.”

“सहा तासांनी आपण विमानात असू.”

“ते मला कळत नाही का?” मॅडमनी तोंडावरचा मास्क ओढून काढला. आवाज खाली आला. “मशीन बांधायला घ्या म्हणावं.”

साहेब लालबुंद झाले होते. “मग कार्डावर ‘खायला देऊ नका’ असं लिहायचं ना, बाई! उपाशी लिहिल्यावर माणूस दुसरं काय करणार?”

 सिस्टरनं आजीबाईचं कार्ड काढायला हात पुढं केला, पण पीन सुटेना.

आता आईला सांगायचं होतं. दुभाष्या धापा टाकत आला. सगळं समजावत बसायचा कंटाळा म्हणून त्यानं त्या बाईला काल एवढंच सांगितलं होतं, की मोठे साहेब येतील, औषध देतील, मग पोरीला दिसेल.

आई भिंत सोडून पुढं आली होती आणि पोरीसमोर बसली होती. तिनं पोरीच्या डोळ्यांपुढं हात हलवून बघितला. हात आणखी जवळ नेला, पुन्हा हलवला. आजीबाई ओठ चाटत होती. आईनं मान वर केली आणि काहीतरी विचारलं.

“काय म्हणतायत?”

“औषध लागू पडायला किती वेळ लागतो, विचारतायत.”

सिस्टर पुन्हा कार्डाच्या पिनेशी झटायला लागली. बाईला वाटलं असावं, आपला प्रश्न चुकला. ती संकोचून साहेबांच्या खिशाकडे बघत आणखी काही बोलली. दुभाष्यानं मान खाली घातली.

“सांगा ना, काय म्हणाल्या?”

“म्हणतायत, दिलं ते एका डोळ्याचं असेल. दुसऱ्या डोळ्यासाठी अजून एक मिळेल का?”