जेवला काय तो?

टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ ऑनलाइन आला आणि अंतर नावाची गोष्टच जगातून नाहीशी झाली, असे पवनीच्या भूषणचे ठाम मत होते. निदान त्याचा माइक आणि स्वयंपाकघर यांच्यातले अंतर तरी नक्कीच नाहीसे झाले होते.

वर्षभर जपलेल्या सेनापतिपदाला साजेशी तलवार उपसून तो खेळातल्या ड्रॅगनवर माइकमधून गरजला, "बोल दुष्टा, शेवटची इच्छा काय?"

"काहून खेकसून राहिला रे त्याच्यावर?" आतून त्याच्या आई, जानकीबाई म्हणाल्या. "जेवला काय तो, इचारलं?"

खेळ चालवणाऱ्या पुण्याच्या स्वातीने हे वाक्य सेनापतीचेच धरले आणि ते कितपत लागू पडले हे ठरवणारा वीस बाजूंचा फासा स्क्रीनवर टाकला. वीसपैकी वीस पडले. तीनशे वर्षांत कोणी जेवणाचे न विचारलेला ड्रॅगन ढसाढसा रडला आणि खजिना देऊन मोकळा झाला.

पुढच्या रविवारी भूषण स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, ते खेळवाले तुले बोलावून राहिले."

"अन् तू?"

"मले घोडे सांभाळाले ठेवलं."

सेनापती आता जानकीबाई आहेत. रविवारची वांगी भूषण चिरतो.