काँगोचे सूर

रामनवमीला तबलजी आजारी पडला, म्हणून बँडवाला मिंगेल दोन काँगो ढोल घेऊन देवळात आला.

“कुठल्या सुरांत लावू, बुवा?”

“देवाला आवडतील त्या!” कीर्तनकार बुवा गोड माणूस, पण आख्यान सोडून भरकटायचे. गेल्या वर्षी बाराचा रामजन्म दोनला झाला होता.

तेवढ्यात मागून बुवांच्या पत्नीची, काकूंची, हाक आली, “अहो!” ‘अ’ पंचमावर, ‘हो’ वरच्या षड्जावर. बुवा ताडकन उठले. मिंगेलने हसत किल्ली फिरवून मोठा काँगो पंचमात, धाकटा षड्जात लावला.

कीर्तनात बुवा अयोध्येतून थेट स्वतःच्या गुडघेदुखीवर घसरले. मिंगेलने दोन थापा दिल्या, आधी मोठ्यावर, मग धाकट्यावर.

“आलो, आलो!” म्हणत बुवा अयोध्येत परतले. पाळणा बाराच्या ठोक्याला हलला.

सुंठवडा देताना काकू म्हणाल्या, “ढोल इथेच ठेव, बाबा. माझा घसा वाचेल.”