शिंगांसकट म्हैस

जुन्या गाड्यांच्या पत्र्यातून जोडलेली म्हैस शेपटीकडून आर्ट गॅलरीत शिरली आणि शिंगांपाशी दारात अडकली. ती घडवणारी वेल्डरबाई घामाघूम होऊन फुटपाथवर उभी राहिली. आयुष्यभर लोकांची गेटं आणि ग्रिलं जोडताना, रविवार रविवार करत तिने एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी केली होती. दोन मोठ्या गॅलऱ्यांनी तिला फोटो बघूनच वाटेला लावलं होतं. इथे तिचं पहिलं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला जेमतेम तास उरला होता. "ताई, शिंगं काप आणि आत नेऊन परत जोड," धाकटा भाऊ म्हणाला. "सांधा कुणाला दिसतोय?" "मला दिसेल ना," ती म्हणाली, पण तिने घड्याळाकडे पाहिलं. गॅलरी चालवणाऱ्या मावशींनी एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "शिंगांना हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "माझी चौकट काप." ताईने काळा चष्मा चढवला आणि गॅसकटर पेटवला. ठिणग्या बघायला अख्खी गल्ली गोळा झाली. लोखंडी चौकट धाडकन पडली आणि म्हैस रुबाबात आत गेली. अडवायला आता दारच नव्हतं, त्यामुळे कोपऱ्यावरची फुलवाली, समोरचा न्हावी, सगळेच म्हशीमागून आत शिरले. "दहा वर्षं समोर दुकान आहे माझं, पण इथे पाऊल टाकायचा धीर झाला नव्हता," न्हावी म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. ताईचे डोळे भरून आले. उद्घाटनाचे पाहुणे पोचले, तेव्हा आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मावशी हसून म्हणाल्या, "जरा थांबा साहेब, आधी आमच्या गल्लीचं बघून होऊ दे."