कप्तानाची आई

मॉलमधल्या थेटरात इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग बघून कायिवा तणतणत थेट सेबुन्याच्या व्हिडिओ हॉलवर आला. कंपालातल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये सेबुन्या पडद्याशेजारी माईक धरून बसायचा आणि इंग्रजी सिनेमातल्या झाडून सगळ्यांना लुगांडा भाषेत बोलायला लावायचा. पहिला भाग कायिवाने शाळेत असताना इथेच पाहिला होता.

“अंतराळयानं झकास आहेत काका, स्फोट तर एक नंबर. पण कप्तानाचा पार विचका केलाय, शिसारी आली! मेला एकदाही आईचं नाव घेत नाही. मागच्या वेळी केवढा रडला होता! ‘तिकडे आईला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून पुरतायत आणि मी इथे चांदण्यांत अडकलोय’ म्हणून. अख्ख्या हॉलनं डोळे पुसले होते. ह्या लोकांनी पहिला भाग पाहिलाय तरी का?”

सेबुन्या माईकची वायर गुंडाळत राहिला.

“पहिल्या भागातही त्याला आई नव्हती रे. तो नुसता खिडकीतून बाहेर बघत होता. त्या दिवशी गावाकडे माझ्या आईला पुरत होते, आणि मी इथे तुम्हाला सिनेमा दाखवत होतो.”