सगळ्या ठणठणीत

“जरा अंग तापलं की सून आडवी! आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं,” दवाखान्यातल्या बाकावर सासूबाई लेकीच्या कानाशी कुरकुरल्या.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “तिला श्वास घेता येत नाहीये. हा कोंबड्यांचा फ्लू असेल, तर औषध आत्ताच बदलावं लागेल. तुमच्या शेडमध्ये कोंबड्या मेल्या का?”

शेड बंद पडेल या धास्तीनं सासरे चपलांकडे बघू लागले. मुलगा मोबाईलमध्ये असा शिरला, जणू उत्तर तिथंच होतं.

“छे हो, सगळ्या ठणठणीत!” लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाई वळल्या.


“मेल्या,” सासूबाई उठून म्हणाल्या. “पुरायला मीच पाठवलं, सुनेला आणि लेकीला. हातमोज्यांचा जोड एकच होता... तो मी लेकीला दिला.”