पन्नास मोटा

मोरोपंत वकिलांनी छत्री बाजूला धरून विहिरीत डोकावून पाहिलं.

"पाणी आहे हो हिला," ते सोबतच्या इंजिनियरला म्हणाले.

तानुबाई पदराला हात पुसत उभी राहिली. दोन वर्षं ती या दोघांच्या दारात खेटे घालत होती. आज ते दोघं तिच्या मळ्यात आले होते. चैत्राची दुपार होती. कुंपणापलीकडच्या बिजलीघराची चिमणी बुटकी होती, तिचा धूर वर जायच्या आधीच मळ्यावर उतरायचा. झोपडीच्या सावलीत सात वर्षांची मैना बाजेवर बसली होती. तिला आडवं होता येत नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ती श्वास ओढायची आणि दर श्वासाला तिच्या गळ्याखाली खळगा पडायचा. दिवाळीनंतर तिला मोर्शीला आजीकडं ठेवलं, तर तिथं ती रात्रभर निजायची. माघात आजी गेली आणि पोरीला परत आणावं लागलं.

"उंच चिमणीचं काय झालं, वकीलसाहेब?" तानुबाईनं विचारलं.

"बोर्डानं नाही म्हटलं. सामान विलायतेहून आणायचं. त्यापायी युनिटमागं अर्धा आणा वाढवावा लागेल, आणि राजापेठेतले वीज घेणारे लोक तेवढा देणार नाहीत." मोरोपंत स्वतःच वीज कंपनीच्या बोर्डावर होते. "पण मी गप्प बसलो नाही. एक स्वस्तातला उपाय मंजूर करून आणलाय. हे गोपाळकृष्ण सांगतील, ऐक."

गोपाळकृष्ण तरुण होता. त्यानं काठीनं मातीत चौकोन काढला. चिमणीच्या अलीकडं विटांची एक खोली बांधायची. धूर तिच्यातून न्यायचा आणि वरून पाण्याचे फवारे सोडायचे. पाण्याबरोबर काजळी खाली बसते. विटा इथल्याच, गवंडीही इथलाच.

"मंग बांधा ना," तानुबाई म्हणाली. "थांबले कायच्यासाठी?"

"पाणी नाही," गोपाळकृष्ण म्हणाला. "आमची विहीर बॉयलरलाच पुरत नाही. नाला आटला. या भागात उन्हाळाभर पाणी टिकतं ते तुमच्याच विहिरीला."

मोट हाकत असलेल्या शालिकरामनं, तिच्या नवऱ्यानं, बैल थांबवले.

"किती पानी लागन?"

"दिवसाला पन्नास मोटा."

तानुबाईनं शालिकरामकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. उन्हाळ्यात ती विहीर साठाच्या वर मोटा देत नसे. उरलेल्या दहा मोटांत वांग्यांचा एक वाफा कसाबसा भिजला असता. वाफे सहा होते आणि मिरगापर्यंत घर त्यांच्यावरच चालायचं.

"पाण्याचा मोबदला कंपनी देईल," मोरोपंत म्हणाले. "फार नाही देणार, ते आधीच सांगतो. पण पोरीसाठी काहीही करीन असं तूच म्हणत होतीस."

"म्हनत होतो," तानुबाई म्हणाली.

मैनेचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. गोपाळकृष्णानं एकदा तिकडं पाहिलं आणि मग तो काठीला लागलेली माती झाडत बसला. तानुबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमाले इचारतो. हे पानी देल्लं तं पोरीचा दम थांबन का?"

गोपाळकृष्ण म्हणाला, "काजळी निम्मी कमी होईल. बारीक धूर राहीलच. तो पाण्यानं धरला जात नाही."

"अन् पोरगी?"

"ते मला सांगता येत नाही, बाई."

मोरोपंतांनी घसा खाकरला. "थोडा तरी आराम पडेलच की. अगदीच काही नाही, त्यापेक्षा बरं."

शालिकराम मोट सोडून पुढं आला. "वांगे गेले तं खाऊ काय, मैनेची माय? त्या पोरीले चारू काय?"

"तुमी सांगा मंग," तानुबाई म्हणाली. "पानी नोको देऊ म्हना. मंग नाही देत मी."

शालिकरामनं तोंड उघडलं. तेवढ्यात बाजेवर मैनेला ढास लागली. ती लवकर थांबली नाही. थांबली तेव्हा पोर पुढं वाकली होती आणि तिचे ओठ निळसर दिसत होते. तानुबाई धावली, तिला पाठीशी हात देऊन सरळ बसवलं, पाण्याचा घोट पाजला. शालिकराम तिथंच उभा होता. मोरोपंतांनी कोटाच्या खिशातून कागद काढला, तसा त्यानं काही न विचारता अंगठा पुढं केला.

अंगठ्याची शाई वाळेस्तोवर मोरोपंत थांबले. मग कागदाची घडी करून ते आणि गोपाळकृष्ण कुंपणाकडं निघाले. मागं काहीतरी कचकन तुटल्यासारखं वाजलं म्हणून गोपाळकृष्ण वळला.

तानुबाई वाफ्यात वाकली होती. तिनं वांग्याचं झाड बुडाशी धरून मुळासकट ओढून काढलं होतं. झाडाला जांभळी फुलं होती, बोटाएवढी वांगी धरली होती. तिनं ते बाजूला टाकलं आणि दुसरं धरलं. मग तिसरं. शालिकराम बैलांच्या कासऱ्याला धरून नुसता बघत होता.

गोपाळकृष्ण घाईनं परत आला. "बाई, एवढ्यात कशाला? खोली बांधून व्हायला पंधरा दिवस लागतील. तोवर पाणी तुमचंच आहे."

तानुबाईनं मान वर केली नाही.

"आज हात धजून राह्यला, साहेब," ती म्हणाली. "पंधरा दिवसानं नाही धजनार."